बोरघाटाच्या पायथ्याशी: एका वर्धापनदिनाचे साल

मार्गशीर्ष लागला की आमच्या कर्जत-खालापूरकडचा शेतकरी जरा पाठ सरळ करतो. भात कापून झालेले असते, खळ्यावरची झोडणी उरकत आलेली असते, आणि पावसाळ्यात ज्या खाचरांत गुडघाभर चिखल होता तिथे जमिनीच्या ओलीवर टाकलेला वाल वर येऊ लागलेला असतो. अशाच दिवसांत एका रविवारी संध्याकाळी माझ्याकडे एक गुरुजी आले. खोपोलीच्या बाजूला ते प्राथमिक शाळेत शिकवतात. धर्माने ख्रिस्ती, पंथाने कॅथलिक. त्यांच्या धर्मग्रामाचा वर्धापनदिन नाताळाच्या आधीच्या काळात साजरा व्हायचा होता, आणि स्मरणिकेत ‘आमची मुळे’ या मथळ्याखाली चार पाने लिहिण्याचे काम मंडळींनी ‘तुम्ही शिक्षक, तुम्हीच लिहा’ म्हणून त्यांच्या गळ्यात घातले होते. गुरुजींनी पिशवीतून कोरी वही काढली आणि विचारले, “सर, सुरुवात कोणत्या सालापासून करू?”

मी सहज म्हटले, “चर्चची इमारत झाली त्या सालापासून करा की.”

त्यावर ते थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, “तेच तर नको आहे. आमच्या शाळेत एकजण मला नेहमी चिडवतो. माणूस वाईट नाही, पण म्हणतो, तुमची मुळे इथे कुठली शोधता, ती पोर्तुगालात. मला त्याच्याशी भांडायचे नाही. पण पोरांपुढे उभा राहतो तेव्हा मला स्वतःला ठाऊक पाहिजे, की नाही?”

वाचकहो, मी स्वतः ख्रिस्ती नाही. इतिहासाचा अध्यापक आहे, आणि कर्जत-खालापूरच्या वाटा पायांखालच्या म्हणून या प्रश्नात मी गुंतलो. गुरुजी पुढे दोन-तीन रविवार येत राहिले. त्या वेळी जे बोलणे झाले तेच येथे मांडतो. आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांवर शाळेचा, देवळाचा, गावाचा इतिहास लिहिण्याची पाळी कधी ना कधी येते, आणि ‘सुरुवात कुठून’ हा प्रश्न सर्वांनाच अडवतो.

आधी हा नाताळापूर्वीचा काळ म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या ग्रामीण श्रोत्यांपैकी अनेकांना नाताळ माहीत असतो, हा काळ माहीत नसतो. मराठी ख्रिस्ती लोक त्याला आगमनकाळ म्हणतात. नाताळाच्या आधीचे चार रविवार यात येतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही पडतो. उपासनेच्या पंचांगाचे नवे वर्ष याच रविवारी सुरू होते. म्हणजे आपल्याकडे पाडवा तसा त्यांचा हा रविवार, मात्र गुढी नाही, गोडधोड नाही. फादर जांभळी वस्त्रे घालतात. काळ वाट पाहण्याचा आणि मन आवरण्याचा. तिसऱ्या रविवारी तेवढा जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग येतो. वेदीजवळ हिरव्या पानांचे एक चक्र ठेवतात, त्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक अधिक पेटते.

गुरुजींची समजूत अशी होती की हे चक्र दीड-दोन हजार वर्षांचे असावे. ते तसे नाही. १८३९ साली जर्मनीत हँबुर्ग शहरी विखेर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांचे वसतिगृह चालवीत. मुले रोज विचारत, नाताळ किती दिवसांवर आला? त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवू लागले. विखेर्न प्रॉटेस्टंट होते. कॅथलिक चर्चांत हे चक्र विसाव्या शतकात आले. मी हे मुद्दाम सांगितले. जुने वाटते ते कधी कधी अलीकडचे असते आणि अलीकडचे वाटते ते जुने निघते, हे सालाच्या शोधाला निघण्यापूर्वी ध्यानात असलेले बरे.

आता धर्मग्राम. आपल्याला वाटते चर्च म्हणजे इमारत. पण धर्मग्राम हा एका अर्थी वह्यांचा संसार आहे. युरोपात ट्रेंट येथे धर्मपरिषद भरली होती, तिने १५६३ साली नियम घातला की प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची नोंदवही असलीच पाहिजे. बाप्तिस्म्याची वही तिच्या जोडीला, पुढे मृत्यूची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, साक्षीला उभे राहिलेल्या धर्ममातापित्यांची नावे असतात. सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदी आपल्याकडे उशिरा आल्या; ज्या खेड्यातल्या सामान्य शेतकऱ्याचे नाव कोणत्याही बखरीत सापडणार नाही, ते पाद्र्याच्या वहीत सापडते. इतिहासाच्या माणसाला याचा हेवा वाटावा.

पण या वह्यांतही एक गुंता आहे. धर्मग्राम एका दिवसात जन्मत नाही. आधी कुणाच्या तरी घरी किंवा भाड्याच्या खोलीत पहिली मिस्सा होते. मग छोटे प्रार्थनामंदिर बांधले जाते. पण वह्या लांबच्या मोठ्या धर्मग्रामातच असतात, पाद्री तिकडूनच येतो-जातो. मग कधी तरी बिशपांचा हुकूम येतो आणि स्वतंत्र धर्मग्राम ठरतो. म्हणजे तीन साले झाली, आणि तिन्ही खरी. वर्धापनदिन बहुधा शेवटच्याचा किंवा इमारतीचा करतात. गुरुजींना हवे होते ते या तिन्हींच्या मागचे.

“मग चौल धरा,” मी म्हटले, आणि आम्ही नकाशा पसरला.

चौल आपल्या जिल्ह्यात, पण समुद्रावर. कर्जत-खालापूर मात्र घाटाखालचा मुलूख. या दोहोंना जोडणारी एक जुनी वाट आहे. चौलचे बंदर टॉलेमीच्या ग्रंथात येते. तिथे उतरलेला माल आतल्या अंगाने येऊन बोरघाट चढे आणि देशावर जाई. आपल्या कर्जत तालुक्यातली कोंडाण्याची लेणी राजमाचीच्या पायथ्याशी त्याच रहदारीच्या काठावर कोरलेली आहेत. घाट चढलात की वर कार्ले. कार्ल्याला तर यवन म्हणवणाऱ्या दात्यांचे शिलालेख आहेत. परदेशी माणूस आपल्या घाटाखालून पहिल्यांदा गेला तो दोन हजार वर्षांपूर्वी. असो.

पोर्तुगीज चौलास आले ते सोळाव्या शतकाच्या आरंभी. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठे आरमारी युद्ध झाले, १५२१ मध्ये त्यांनी तिथे, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, किल्ला बांधायला घेतला, १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून घेतला. रेवदंड्याच्या तटाच्या आत चर्चे उठली. त्यांचे भग्न मनोरे नारळीपोफळीत आजही दिसतात. शाळेची सहल अलिबागेस नेत असाल तर अर्धा दिवस तिथे काढा.

येथे एक गोष्ट चाचरत न सांगता सांगितली पाहिजे. या राजवटीत धर्मांतरे झाली ती सगळीच उपदेशाने झाली नाहीत. गोव्यात देवळे पाडली गेली. १५६० मध्ये तिथे धर्मन्यायालय बसले आणि मधली तीनचार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. उत्तरेस वसईच्या मुलखातही देवळांवर हात पडला. गुरुजी म्हणाले, “स्मरणिकेत हे लिहू?” मी म्हटले, लिहा. तुमचा सहकारी विचारणारच आहे. तुम्हीच आधी लिहिलेत तर पुढचे ऐकून घेईल.

मात्र पुढची गोष्टही तितकीच खरी. पोर्तुगिजांची सत्ता समुद्रकाठच्या पट्टीपलीकडे आपल्या मुलखात कधी आलीच नाही. कर्जत-खालापूर आधी निजामशाहीत, मग विजापूरकरांकडे, आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर मराठ्यांकडे. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी झाली ती खालापूर तालुक्यातच. तेव्हा खोपोलीचा धर्मग्राम चौलच्या किल्ल्यातून सरळ उगवला असे लिहिले तर ते खोटे होईल. गुरुजींचा चेहरा जरा उतरला. १५२१ हे साल स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर शोभून दिसले असते, हे मलाही कळत होते.

“पण थांबा,” मी म्हटले, “तुम्ही खांडसवरून भीमाशंकरला कधी चढलात का?”

कर्जत तालुक्यातला कोण चढला नाही! शिडीघाटाने नाही तर गणपती घाटाने. वर गेले की देवळापाशी मोठी घंटा आहे. ती मूळची चर्चची. वसईच्या मोहिमेनंतर तिथल्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तशीच, आणि भीमाशंकरची चिमाजी अप्पांनी वाहिलेली. म्हणजे घाटाखाली चर्च उभे राहण्याच्या कितीतरी आधी, आपल्याच डोक्यावरच्या डोंगरात, एका चर्चची घंटा वाजत होती. कर्जतच्या वारकऱ्याने ती वाजवली, ठाकराने वाजवली. गुरुजी हसले. म्हणाले, “मीही वाजवली आहे, पोरे घेऊन गेलो होतो तेव्हा.”

त्या घंटेने आपण वसईकडे वळतो, आणि माझ्या मते गुरुजींच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. पुढल्या वर्षीच्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज अंमलदार, सरदार, युरोपीय पाद्री जहाजांतून गोव्याकडे गेले. आता विचार करा. ज्या लोकांची मुळे पोर्तुगालात, त्यांनी त्या दिवशी काय केले असते? जहाजे धक्क्याला लागलेली होती. पण शेतकरी, कोळी, सुतार, बागाईत गेले नाहीत. शरणागतीच्या अटींत राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. चर्चांचा कारभार देशी पाद्र्यांनी हाती घेतला. जबरीने लादलेले म्हणावे तर आता जबरी करणारा उरला नव्हता; दरबारचा धर्म म्हणावे तर दरबार हिंदू होता. तरी वसईतल्या ख्रिस्ती घरांत बाप्तिस्मे होत राहिले. बोली होती सामवेदी नाही तर वाडवळी, शेती होती पानवेलीची आणि केळीची, आणि जातीपातीच्या जुन्या खुणासुद्धा, चांगल्या म्हणा वाईट म्हणा, टिकल्या.

कोर्लईची गोष्ट तर आणखी नवलाची आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी काही गरीब ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली. त्यांच्याजवळ ना सत्ता, ना शाळा, ना छापलेले पुस्तक. परंतु त्यांच्या तोंडची मराठीत मुरलेली एक पोर्तुगीज बोली आजतागायत जिवंत आहे. ती बोलणारे हजाराच्या आसपास. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. कोर्लईची बाई घरात ही बोली बोलते आणि रेवदंड्याच्या बाजारात मराठी. भाषेचे शिक्षक असाल तर हे गाव एकदा कानांनी पाहून या.

आणि भाषेचेच निघाले म्हणून सांगतो. गुरुजींच्या त्या सहकाऱ्याने कर्जत स्थानकावर बटाटेवडा खाल्ला असेलच. घाटाची जादा एंजिने लागेपर्यंत गाडी थांबे तेव्हापासून तो वडा प्रसिद्ध आहे. ‘बटाटा’ शब्द पोर्तुगीज. सोबतचा ‘पाव’ पोर्तुगीज. तोंडी लावायची मिरची अमेरिकेतून इकडे आणली ती पोर्तुगिजांनी. खिशातला ‘पगार’, घराची ‘चावी’, गवंड्याचे ‘घमेले’, काम पाहणारा ‘मेस्त्री’, मामलेदार कचेरीतला ‘लिलाव’, न्हाणीतली ‘बादली’, आणि अर्थात ‘नाताळ’ व ‘पाद्री’, सारे तिकडचेच. यातले कोणते शब्द परत पाठवायचे ते त्यांनी ठरवावे!

उलट दिशेनेही देवघेव झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. १६१६ मध्ये ते गोव्यातल्या रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्याचे काम गोव्याच्या साष्टीत होते; आपल्या ठाण्याच्या साष्टीशी त्याची गल्लत करू नये, पुष्कळजण करतात. देवनागरीत हा ग्रंथ शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून आणला तो १९५६ साली, म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी. बी.ए.ला मी तो शिकवतो. पुराणाचे दोन भाग आहेत: पहिल्यात ३६ अवस्वर, दुसऱ्यात ५९. सबंध पहिला भाग ख्रिस्ताच्या जन्माच्या आधीचा, सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांच्या कथांचा आहे. गुरुजी चटकन म्हणाले, “म्हणजे सगळा आगमनकाळच!” वर्गात इतकी वर्षे शिकवूनही मला हे सुचले नव्हते, हे कबूल करतो.

हे झाले लांबचे मूळ. पण मग ही माणसे बोरघाटाच्या पायथ्याशी आली कशी? त्याला रेल्वेकडे जावे लागते, आणि येथे मला थोडे अधिक रेंगाळायचे आहे.

मुंबई-ठाणे गाडी १८५३ च्या १६ एप्रिलला धावली हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पुढचे फारसे कुणी सांगत नाही. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ च्या मे महिन्यात खोपोलीला. तिथे सह्याद्री उभा. १८५८ मध्ये वरच्या अंगाने खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट बाकी. म्हणून पाच वर्षे मुंबईचा उतारू खोपोलीला उतरे, पालखीने किंवा गाडीने घाट चढे आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. त्या पाच वर्षांत खोपोली म्हणजे जणू महाराष्ट्राचे दार होते. नाना फडणिसांनी बांधलेले देऊळ आणि तळे आधीपासून तिथे होतेच, वाटसरूंच्या सोयीसाठी. आता माणसांची रीघ लागली.

घाटातले काम १८५६ मध्ये सुरू झाले. जेम्स बर्कली हे मुख्य इंजिनियर. कर्जतपासून वर पंधरा-सोळा मैलांत अठराशे फुटांवर चढ, पंचवीस बोगदे, आणि चढ कुठे कुठे ३७ फुटांना एक फूट. खंडाळ्याच्या अलीकडे तर गाडी सरळ वळेना म्हणून उलट्या तोंडाने न्यावी लागे. ते उलट फिरवण्याचे स्थानक १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत होते. काळ्या पत्थराच्या कड्यावर माणसे दोराने लोंबकळून सुरुंगाची भोके पाडीत. पावसाळ्यात काम बंद. उन्हाळ्यात पाणी नाही. पाल्यापाचोळ्याच्या खोपट्यांत हजारोंची वस्ती, आणि मग पटकी. १८६१ च्या आरंभी या एका घाटावर सुमारे ४२,००० माणसे राबत होती. आज कर्जत शहरात जेवढी माणसे राहतात त्यांहून ती अधिक भरतील.

पहिला कंत्राटदार फेव्हिएल. पोटकंत्राटदार मजुरांचे पैसे अडकवीत. १८५९ च्या जानेवारीत मजूर खवळले, गोऱ्या मुकादमांवर चालून गेले, आणि थोड्याच दिवसांत फेव्हिएलने काम सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल. तो आला आणि काही आठवड्यांत तापाने गेला. मग कंत्राट त्याच्या विधवेने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, आपल्या नावावर घेतले आणि दोन इंजिनियर नेमून तडीस नेले. १८६३ च्या २१ एप्रिलला घाट खुला झाला. मुंबईच्या गव्हर्नरांनी भाषण केले. अ‍ॅलिसबाईंचे नाव पुस्तकांत आहे. पटकीने मेलेल्यांची नावे कुठेही नाहीत. कित्येक हजार गेले एवढे सारेच मानतात. पण आकड्यावरून इतिहासकार अजून वाद घालतात, कारण मोजणाऱ्याने मोजलेच नाही. कोकणातले, देशावरचे, बहुतेक सारे महार, मांग, कोळी, कुणबी. कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण ख्रिस्ती हे त्या दगडांत शोधून सापडणार नाही.

येथे गुरुजी मला म्हणाले, “त्यांची एक वही असती तर?” मी गप्प बसलो.

गाडी चालू झाल्यावर मात्र वह्या सुरू झाल्या. रेल्वेला फायरमन, गार्ड, फिटर, तारमास्तर, कारकून पाहिजे होते. इंग्रजी दोन अक्षरे येणारी, घर सोडून राहायची तयारी असलेली माणसे कंपनी शोधत होती. गोव्याचे ख्रिस्ती आले, साष्टी-वसईचे आले, अँग्लो-इंडियन आले. कल्याण, इगतपुरी, लोणावळे, भुसावळ या रेल्वेच्या गावांत त्यांच्या चाळी, त्यांचे क्लब आणि त्यांची चर्चे झाली. नोकऱ्यांसाठी चढाओढ इतकी की मुंबई-साष्टी-वसईच्या ख्रिस्तींनी आपण गोवेकरांहून वेगळे, मूळचे इथलेच, हे सरकारला कळावे म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. मौज बघा: मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी आपण इथले आहोत हे सांगण्यासाठी इंग्रजी नाव घेतले, तेही ज्या कंपनीचे राज्य केव्हाच संपले होते तिच्या नावाची आठवण देणारे. इथला असल्याचा दाखला मागितला की माणूस काय काय करतो, याचे हे एक उदाहरण मी वर्गात देतो.

रेल्वेच्या मागोमाग बाकीचे आले. माथेरानची गाडी १९०७ ला सुरू झाली. वर कॅथलिकांचे चर्च आहे. १९१५ मध्ये टाटांचे वीजघर खोपोलीस चालू झाले, घाटमाथ्यावरच्या तळ्यांचे पाणी नळांतून खाली सोडून. पुढे कारखाने आले. कामाच्या ओढीने वसईचा, मंगळूरचा, केरळातला, नगरकडचा माणूस येऊन बिऱ्हाड करून राहिला. सगळा मुलूख मुंबईच्या आर्चबिशपांच्या कक्षेत. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला, आपला रायगड मुंबईकडेच राहिला. जिल्ह्याचे नाव मात्र बदलले. १९८१ पर्यंत तो कुलाबा. जुन्या वह्या शोधताना हे नाव माहीत नसेल तर फुकट हेलपाटा होतो.

एक साल मात्र मी गुरुजींना लाल शाईने लिहून घ्यायला सांगितले, आणि ते आगमनकाळातलेच आहे. १९६३ च्या ४ डिसेंबरला रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठराव केला, उपासना लोकभाषेत करता येईल. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होई. खेडुताला पाठ येई, अर्थ येत नसे. पुढल्याच वर्षी, १९६४ च्या डिसेंबरात, आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात पोप सहावे पॉल मुंबईत आले. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आणि १९६९ च्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून नवा उपासनाविधी रूढ झाला. वेदीवरून पाद्री मराठीत बोलू लागला आणि म्हातारी माणसे म्हणाली, अरे, हे असे आहे होय! गुरुजींच्या आजींना ते आठवत असे. स्टीफन्सने साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते ते रोमला तेव्हा पटले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही थोडा विरोध झाला होता. त्यांचे ‘सुबोध बायबल’ ज्यांनी वाचले आहे त्यांना तो विरोध कळणे कठीण.

शेवटच्या रविवारी गुरुजींनी पुन्हा तोच प्रश्न केला. मुखपृष्ठावर कोणते साल?

मी सांगितले ते असे. मुखपृष्ठावर धर्मग्रामाचे साल आहे तेच राहू द्या, त्यात लाजायचे काही नाही. आत मात्र इमारतीपासून सुरुवात करू नका आणि १५२१ पासूनही करू नका. ज्या जुन्या धर्मग्रामातून तुमच्याकडे पाद्री येत असे, तिथे फादरांची रीतसर परवानगी घेऊन जा. बाप्तिस्म्याच्या वहीत कर्जत, पळसदरी, खोपोली, खालापूर यांपैकी कोणत्याही गावचे पहिले नाव कुणाचे आहे ते पाहा. बापाचा धंदा लिहिला असेल तर टिपा, मूळ गाव लिहिले असेल तर टिपा, साक्षीदारांची नावे सोडू नका. मग मृत्यूची वही पाहा. तिथून मागे जा: रेल्वेकडे, वसईकडे, चौलकडे, जिकडे ती नोंद नेईल तिकडे. नोंद नेणार नाही तिकडे जाऊ नका. आणि गावात सर्वांत आधी आलेले कुटुंब कुठल्या चाळीत उतरले, शेजारी कोण होते, पहिल्या मिस्सेला पाट-सतरंज्या कुणाच्या घरून आणल्या, हे जिवंत माणसांना विचारून घ्या. वहीत ते नसते.

परवा गुरुजींचे पत्र आले. दोन वह्या पाहून झाल्या आहेत, तिसरीसाठी पुन्हा एक रविवार जायचे आहे. पहिले नाव सापडले. बाप रेल्वेत खलाशी होता. ते नाव छापण्यापूर्वी घरच्या मंडळींना विचारायचे आहे, म्हणून मला कळवलेले नाही. आगमनकाळाची दुसरी मेणबत्ती पेटली आहे. शाळेतल्या पोरांनी नाताळाच्या गोठ्यात शेत दाखवण्यासाठी बशीत नाचणी पेरली आहे, चार दिवसांत बोटभर वर आली. बिया त्या सहकाऱ्याच्या घरच्या आहेत.